जांभळा फटकारा

चैत्राची सकाळ. कोल्हापुरातल्या गुजरीवर ऊन उतरलं होतं. पत्र्यांवर पिवळं, पायऱ्यांवर केशरी, सावल्यांच्या कडांना निळंसर. उजेडात न्हालेली, उजेडाने नादावलेली ती गल्ली नुसती झळाळत होती.

एका पायरीवर, मांडीवर बोर्ड घेऊन हेमलता बसली होती. आजवर तिने खिडकीचा गजन्‌गज रेखला. चित्रात जीव मात्र कधी उतरला नाही. चित्रकलेच्या सरांच्या तोंडून एकदा ‘वा’ ऐकायला ती आसुसली होती. वय बावन्न, आणि हट्ट शाळकरी पोरीचा!

“डोळे अर्धे मिटा, बाई,” आडनाईकसर म्हणाले. “माणसं बघू नका, उजेड बघा.”

तिने पापण्या मिटत आणल्या, आणि काय नवल! चेहरे विरले, पाट्या विरल्या. उरली ती रंगांची थरथर. कोपऱ्यावर केरसुण्या विकणारी म्हातारी उभी होती. तिच्या लुगड्याचा एक जांभळा फटकारा झाला. रंगविभोर, तेजोविव्हल हेमलता रंगवत राहिली.

जांभळा रंग जरासा कलला. तिने फटकारा कलता केला. जांभळा रंग आणखी खाली, उन्हात ओघळला. तिनेही तो ओघळू दिला; ओल्या कुंचल्याने, भरल्या आनंदाने.

मग ओरडा झाला. तिने डोळे उघडले तेव्हा म्हातारी भोवळ येऊन रस्त्यात पडली होती, आणि सोनाराच्या दुकानातली माणसं धावत येऊन तिला पाणी पाजत होती.

“वा!” सर चित्रावर वाकले. “हा जांभळा फटकारा म्हणजे चित्राचा प्राण!”

तो ‘वा’ हेमलताच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतला. ‘म्हातारी पडत होती, आणि मी रंगवत होते.’ रात्रभर तिला स्वतःचीच शरम वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन ती कोपऱ्यावर गेली. “मावशी, माझं चुकलं. तुम्ही पडताय ते मला दिसत होतं, आणि मी उठले नाही.”

चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हातारीने चित्र उन्हात धरलं, जवळ नेलं, लांब धरलं.

“ही मी व्हय? ब्येस हाय की. पर ताई, माझं त्वांड कुटं हाय?”

हेमलता तिच्यासमोर जमिनीवर बसली. डोळे सताड उघडून पाहू लागली. गोंदलेलं कपाळ. मिचमिचे, हसरे डोळे. आणि हनुवटीवर खरचटलेलं. कालचं, तांबडं, अजून ओलं.