वणव्याचा डावा पाय

मित्रांनो, मी एक म्हातारा, लंगडा घोडा आहे. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेच्या मागे, गळक्या पत्र्याखाली मी उभा असतो. इथले लोक मला ‘ए लंगड्या’ अशी हाक मारतात. पण एके काळी माझं नाव वणवा होतं. माझा रंग तांबूस होता आणि सलग तीन मोसम मला कुणीही हरवलं नव्हतं.

माझा जॉकी इतका किडकिडीत होता, की सगळे त्याला काडी म्हणत. ‘काडी लागली की वणवा पेटतो!’ असं लोक गमतीनं बोलत आणि ते खरंच होतं. पहिल्या शर्यतीत पुढच्यांच्या टापांची माती माझ्या डोळ्यांत गेली, मी बिचकलो. काडीनं चाबूक उगारला नाही. मानेवर वाकून तो एवढंच म्हणाला, “चल बाबा, आपण कडेनं जाऊ.” आम्ही कडेनं गेलो आणि सगळ्यांना मागे टाकलं. त्यानंतर लोक माझ्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडू लागले. माझी मालकीणबाई पाहुण्यांना मुद्दाम तबेल्यात आणून मला दाखवायची. तेव्हा मला वाटायचं, हे सगळे माझेच लोक आहेत.

चौथ्या मोसमात माझा डावा पुढचा पाय दुखू लागला. मी तो उचलून धरायचो. माझी निगा राखणारा मोतद्दार त्यावर ओल्या पट्ट्या बांधायचा आणि हळहळायचा. आमचा ट्रेनर मात्र डॉक्टरांना घेऊन आला. शर्यतीआधी त्यांनी पायात सुई टोचली. दुखणं थांबलं म्हणू नका मित्रांनो, पायच नाहीसा झाला. मी कशावर उभा आहे, ते मला कळेना.

मला ते कळलं नाही, पण काडीला कळलं. पाठीवर बसल्या बसल्या तो ट्रेनरला म्हणाला, “पाऊल चुकीचं पडतंय याचं. आज नको.”

“लोक याच्यासाठी आलेत,” ट्रेनर म्हणाला. “तुला जमत नसेल तर उतर. दुसरा तयार आहे.”

काडी उतरला नाही. आम्ही धावलो. वळणावर मी सगळ्यांच्या पुढे निघालो, आणि तिथंच त्यानं अंगातली सगळी ताकद लावून लगाम खेचला. मला भयंकर राग आला. मी मान झटकली, तोंडाला फेस आला, पण त्यानं सोडलं नाही. बाकीचे घोडे निघून गेले आणि आम्ही मैदानात एकटे उभे राहिलो. मग बाटल्या आल्या, चपला आल्या, आयामायांचा उद्धार झाला.

काडीनं मला मुद्दाम हरवलं का, याची चौकशी झाली. तिच्यात ट्रेनर म्हणाला, “घोडा ठणठणीत होता.” डॉक्टरांनी मान डोलावली. मोतद्दार जमिनीकडे बघत राहिला. घरी खाणारी तोंडं होती त्याच्या. काडीला शर्यतींतून कायमचं काढून टाकलं.

पुढच्या मोठ्या शर्यतीला पाठीवर दुसरा जॉकी होता. पायात पुन्हा सुई होती. ती शर्यत मी जिंकलो. शेवटची खूण ओलांडली आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मी खाली बघितलं, तर पाय भलतीकडेच वळलेला. जॉकी दूर फेकला गेला होता. लोकांना दिसू नये म्हणून माझ्याभोवती हिरवा पडदा धरला. डॉक्टरांनी पिस्तूल काढलं.

“थांबा,” मालकीणबाई म्हणाली. “शिंगरं तरी होतील याची.”

म्हणून मी जगलो. माझी शिंगरं वेगवान निघाली, पण त्यांचे पायही माझ्यासारखेच कच्चे होते. एकेक करून ती मोडली. मग माझा कुणालाच उपयोग उरला नाही. हातोहात विकला जात मी इथवर आलो. आता शिकाऊ स्वारांचं वजनही मला पेलत नाही. लवकरच गाडी येणार आहे. कुठं नेणार, ते कुणी बोलत नाही.

काल काडी आला होता, बायकोला घेऊन. केस पिकलेत, अंगावर कुठल्याशा गोदामाच्या पहारेकऱ्याचा गणवेश. तो माझ्याजवळ खाली बसला आणि मोडून सांधलेल्या हाडावरून हात फिरवत राहिला. त्याची बायको दारातच उभी होती.

“याच्यापायी तुमचं आयुष्य मातीत गेलं,” ती म्हणाली.

“याच्यापायी नाही गं,” काडी म्हणाला. “याच्या पायासाठी. आणि तोही वाचला नाही.”

ती आत आली आणि पदरानं माझ्या डोळ्यांवरच्या माशा हाकलू लागली.

मित्रांनो, आम्ही जिंकतो तेव्हा तुम्ही आमचं तोंड बघता. कधी आमच्या पायांकडेही बघा. ‘दुखतंय’ म्हणायला आम्हाला शब्द नाहीत. आम्ही फक्त पाय उचलून धरतो.