कारवीच्या वाडीची घंटा

जेरुसलेम, रोम आणि कारवीची वाडी ही ख्रिस्ती जगातली तीन थोर ठिकाणं. पैकी पहिली दोन पुष्कळांनी ऐकलेली असतात. तिसऱ्या ठिकाणी एसटी जात नाही. पाटणहून येणारी गाडी डोंगराच्या पायथ्याशीच हात टेकते.

वाडीत एक दगडी चर्च होतं. त्यात येणारी घरं मुंबई-पुण्याला जाता जाता एकट्या मनुबाईंवर येऊन थांबली होती. नवरा गेल्यापासून तिन्हीसांजेची घंटा त्याच वाजवत. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात चर्चच्या मंडळीच्या समितीनं ठरवलं, की माणसंच नाहीत तर घंटा कशाला. ती शहरातल्या नव्या चर्चला न्यायची. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, रविवारी जीप घेऊन येतील, असा निरोप आला. मनुबाईंचं जेवण सुटलं.

वाडीचे वडीलधारे तात्याबा. घरात म्हशी, देव्हाऱ्यात बिरोबा. त्यांचं म्हणणं, माणसंच पाहिजेत ना, मग आपण कोण आहोत. रविवारी झाडून सगळी वाडी धुतलेल्या कपड्यांत चर्चला आली. चपला बाहेर काढल्या. देवाच्या दारातली घंटा वाजवल्याशिवाय आत जायचं नसतं, हे ठाऊक असल्यानं प्रत्येकानं दोरी ओढली. बायांनी कडेवरच्या पोरांनाही ओढायला लावली. पाळकसाहेब प्रार्थनेला तोंड उघडत आणि मिटत.

भर सकाळी एवढी घंटा ऐकून डोंगरावरची जनावरं चक्रावली. घंटेला घरी यायचं, ही त्यांची पिढीजात सवय. कारवीच्या झुडपांतून म्हशी उतरल्या, मागून गाई, शेरडं, आणि सगळी चर्चला वेढा घालून राहिली. एका रेडकानं आत डोकावून पाहिलं.

पाळकसाहेबांनी विचारलं, हा काय प्रकार?

"ह्याच रोज येणाऱ्या, साहेब. आमी आज आलोय," तात्याबा म्हणाले. "मनुबाईच्या घंटेवर घरला येत्यात. गुराखी कवा ठेवलाच न्हाई आमी. न्या की घंटा. पर मग रोज सांजच्याला तुमी यायचं, हाकारायला."

 साहेबांनी दोरी मनुबाईंच्या हातात दिली आणि घंटा इथंच राहील, असं जाहीर केलं. वाडीनं भंडारा उधळला. साहेबांचा पांढरा झगा पिवळा झाला. मनुबाई रडत होत्या आणि दोरी ओढत होत्या. पलीकडच्या डोंगरावरून घंटेचा आवाज उलटून परत येत होता.

त्या जल्लोषात साहेब जीपकडे गेले. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग साहेब परत आले.

"मनुबाई," ते हळूच म्हणाले, "जीपपुढची तेवढी म्हैस उठवता का?"