न फिरणारा नॉब

आमची लांब पल्ल्याची मोटारसायकल माझ्या लग्नाहून म्हातारी. तिचा मागचा शॉकअप इतका कडक, की खड्डा आला की टोपी आभाळात आणि मी पुढच्या गावात. बायकोने बजावलं, "तो मऊ करा, नाहीतर मी बसने जाते. तुम्ही या एकटेच आदळत."

शॉकअप मऊ करायचा नॉब सीटखाली होता, पण तो हलेचना. मेहुण्याचं गॅरेज, म्हणून त्याला बोलावलं. त्याने अर्धा डबा तेल पाजलं, गल्लीतल्या मुंग्या घसरू लागल्या, पण नॉब ढिम्म! मग मी जोर लावला.

"दाजी, उलटा फिरवताय."

सुलटा फिरवला, तरी तेच. मग उलटं कोणतं नि सुलटं कोणतं, तेच कळेना.

"ताई, मऊ लागतंय का?" मेहुण्याने दहाव्यांदा विचारलं. अंदाज घ्यायला तिला आम्ही पहिल्यापासून सीटवरच बसवलं होतं.

"डोंबल!" म्हणत ती उतरली आणि बॅग उचलून बसस्टँडकडे निघाली. तोच मेहुण्याच्या हातात नॉब गर्रकन फिरला.

ती थबकली. "म्हणजे माझ्या वजनाने अडकला होता? आणि बसवलं कोणी?"

मेहुण्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मी त्याच्याकडे. ही चिडली की हसतेय, काही उमजेना. तिने बॅग गाडीला बांधली आणि किल्ली मागितली.

"तुम्ही मागे बसा. चालवते मी."