शालूबाईचं मागणं

गुरुवारच्या प्रार्थनासभेत शालूबाई उभी राहिली की बाकीच्या बायका एकमेकींकडं बघायच्या. आता ही काय मागणार ते सगळ्यांना पाठ होतं. "प्रभू, त्या याकोबाचं खोटं बोलणारं तोंड कायमचं बंद कर." खोटारड्यांची तोंडं देव बंद करतो असं शास्त्रातच दिलंय, मग मागायला चोरी कसली? नऊ वर्षं बाईनं दुसरं काही मागितलं नाही.

याकोब म्हणजे तिचा जावई, पेठ वडगावचा. चौऱ्याण्णव साली तिची एकुलती एक लेक प्रेरणा सासरहून नाहीशी झाली. "कुणाचा तरी हात धरून पळाली," असं हा बाबा पोलिसांना, चर्चच्या पाळकसाहेबांना, अख्ख्या गावाला छातीठोकपणे सांगत सुटला. पोरीच्या चपला दारात, मंगळसूत्र खुंटीला, आणि म्हणे पळाली! पण पुरावा मिळाला नाही. मेला राजरोस फिरत राहिला, दुसरी बायकोही करून आणली.

पोर जिवंत नाही हे शालूबाईनं कधीच ओळखलं होतं. तिला आता फक्त तिची हाडं हवी होती. कोल्हापूरच्या दफनभूमीत नवऱ्याच्या शेजारची जागा तिनं लेकीसाठी राखली होती. कमिटीवाले ती दुसऱ्याला द्यायला निघाले की ही कंबर कसून उभी राहायची. "माझ्या प्रेरणाची जागा हाय ती. हात तर लावून बघा!"

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एका दुपारी याकोबाची आई धोंडुबाई दारात येऊन उभी राहिली. बाई घामानं डबडबलेली.

"इहीणबाई, चला. परवा त्याचं अर्धं अंग गेलं. लई भ्यालाय. आज सकाळी म्हणला, सासूला बोलव, प्रेरणा कुठं हाय ते सांगतो."

"तुमाला न्हाय सांगितलं?"

"न्हाय. सासूलाच सांगणार म्हणला."

शालूबाईनं दाराला कडीसुद्धा घातली नाही. दोघींनी मिळेल ती एसटी धरली.

वडगावात पोचल्या तर दारात माणसं जमलेली. तासाभरापूर्वी दुसरा झटका आला होता. याकोब खाटेवर पडला होता. मान हलत नव्हती, बोट हलत नव्हतं, जीभ तर लुळीच पडलेली. डोळे तेवढे जिवंत होते. त्यानं सासूला ओळखलं.

शालूबाई खाटेशी बसली. "बोल की रं बाबा. मी आलोय. विहिरीत टाकलीस?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"उसात पुरलीस? वारणेच्या काठाला?"

प्रत्येक नावाला पाणीच येत राहिलं. त्यातलं कुठलं खरं, कुठलं खोटं, कसं कळणार? "देवा, उघड की रं ह्याचं तोंड!" ती ओरडली, छाती पिटली. दिवस मावळायला याकोब गेला.

धोंडुबाईनं तिचे पाय धरले. "माफ करा हो त्याला, इहीणबाई."

"त्याचं काय घिऊन बसलाय," शालूबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मीच गप केलं ह्याला. नऊ वर्सं मागून मागून मीच गप केलं. आता माझी पोर कुठं हाय, ते कुणाला इचारू?"