केसांकडे बघा

दुकानात त्याला सगळे काळोख्या म्हणत, आणि त्याला त्याचा रागही येत नसे. टीव्ही विकणारे इतर लोक रंगांचं कौतुक करतात. हा पठ्ठ्या काळ्यावर जीव टाकायचा. "लाल-हिरवं कुणीही दाखवेल हो," तो गिऱ्हाइकाला सांगे, "टीव्ही ओळखायचा तो अंधारात." मग त्याला मागच्या काळ्या भिंतींच्या खोलीत नेई. तिथे तीन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले होते. पहिला साधा एलईडी. पडद्यामागून सतत उजेड असल्यामुळे त्यात काळोखही राखाडी दिसे. दुसऱ्यात मागचे दिवे जागोजागी कमी-जास्त होत, पण उजळ वस्तूभोवती धुरकट वलय राहीच. तिसरा ओएलईडी. त्याचा ठिपका न् ठिपका स्वतः पेटे आणि स्वतः विझे, त्यामुळे काळा म्हणजे अगदी काळा. तो पूर्ण काळा करून काळोख्या विचारी, "सांगा, टीव्ही चालू आहे की बंद?" गिऱ्हाईक हमखास चुके, आणि बहुतेकदा तिथेच पटे.

तुलनेसाठी तिन्हींवर तो एकच व्हिडिओ लावी, आणि तो त्याच्या आईचा होता. नवा कॅमेरा आणला त्या संध्याकाळी त्याने तो काढला होता. छोट्या टेबल लॅम्पपाशी आई शर्टाला बटण लावत बसलेली, बाकी खोली अंधारात. दिवा, सावल्या, काळेभोर केस. टीव्हीची परीक्षा घ्यायला याहून चांगलं काय हवं? पुढे आई गेली, व्हिडिओ चालूच राहिला. "या कोण?" असं कुणी विचारलंच तर तो म्हणे, "केसांकडे बघा, ताई. बट न् बट सुटी दिसते की नाही?" आवाज मात्र कायम बंद. आवाज असला की माणूस चित्र बघत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

वडिलांच्या नजरेचा मधला भाग आधीच गेला होता. आता कडाही चालल्या होत्या. जे बघायचंय ते लवकर बघून घ्या, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. वडील कधी काही मागणाऱ्यांतले नव्हते. पण त्या दिवशी जेवताना हात थांबवून म्हणाले, "तिला एकदा बघायचं होतं रे." फोटो त्यांना आता कळत नव्हते. आणि आई अशी, की कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात पळायची. होता तो एवढा एकच व्हिडिओ. काळोख्याला वाटलं, हे तर माझंच काम. दुसरं काही जमो न जमो, बाबांना आई दाखवणं मला जमायलाच हवं.

सकाळी दुकान उघडण्याआधी तो त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन आला. ओएलईडीसमोर बसवलं, दिवे मालवले, व्हिडिओ सुरू केला. आईचे केस असे उमटले की त्याचाच ऊर भरून आला.

वडील वाट बघत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "चालू केलास का रे?"

इतकी वर्षं हाच प्रश्न विचारून तो लोकांना हसवत आला होता. आज तो घाईने दुसऱ्या टीव्हीकडे वळला.

दुसऱ्यावर वडिलांना "काहीतरी पिवळं" दिसलं. तो दिवा होता. मग त्याने साध्या एलईडीचा उजेड होता नव्हता तेवढा वाढवला. असलं चित्र दिसलं की तो एरवी "चुना फासलाय नुसता" म्हणून नाक मुरडायचा. खुर्ची पुढे सरकवली. वडिलांनी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"माणूस आहे का तो?" त्यांनी विचारलं.

विकायला ठेवलेल्या सगळ्या टीव्हींचा काळोख्याला एकदम संताप आला.

"राहू दे," वडीलच समजुतीने म्हणाले. "तू सांग मला. काय करतेय?"

"बटण लावतेय."

"हसतेय का?"

आईच्या हनुवटीखालच्या सावलीत स्वस्तातले टीव्ही कुठे डाग पाडतात, ते तो झोपेतही सांगू शकला असता. ती हसतेय का, ते त्याला ठाऊक नव्हतं. स्वतःची लाज वाटून तो पुढे झाला आणि आईच्या तोंडाकडे बघू लागला.

"हसत नाहीये. दमलीय, बाबा. शर्ट माझा आहे. आणि... ती बोलतेय काहीतरी."

"मग ऐकव की! आवाज नाही का त्याला?"

रिमोटवरचं ते बटण शोधायला त्याला वेळ लागला. आधी व्हिडिओतली खुर्ची करकरली. मग आईचा आवाज खोलीत आला, जरासा बसलेला.

"पुरे कर रे ते. ये, इथे बस जरा माझ्याजवळ. दिवसभर दिसला नाहीस."

त्यावर कॅमेऱ्यामागून एक तरुण, घाईतला आवाज म्हणाला, "आलोच!" आणि व्हिडिओ संपला.

वडिलांची वाकडी मान सरळ झाली होती. डोळे मिटलेले, गाल ओले. "हीच," ते म्हणाले. "हीच ती. परत लाव."

त्याने परत लावला. पुन्हा पुन्हा लावला. बाहेर शटर वाजलं, कामाला येणारे येऊ लागले, तरी दोघं उठले नाहीत. मग वडिलांनी सहज विचारलं, "मग? बसलास का तिच्याजवळ?"

काळोख्याला ती संध्याकाळ लख्ख आठवली. कॅमेरा घेऊन तो तसाच दुकानात पळाला होता, मोठ्या टीव्हीवर अंधार कसा उतरलाय ते बघायला.

"नाही, बाबा."

वडिलांनी चाचपडत शेजारची खुर्ची जवळ ओढली.

"बस मग. लाव परत."