कोण आलंय न्यायला?

शाळेचे नियम नवऱ्याने मला लग्नाआधी सांगितले असते, तर मी जरा विचार केला असता. बाटलीवर नाव हवं. डब्यावर नाव हवं आणि झाकणावर वेगळं नाव हवं, कारण झाकणांना म्हणे पाय फुटतात. सोमवारी नखं तपासणार. वाचनालयाची पिशवी विसरली की पुस्तक नाही, आणि पुस्तक नाही की घरी येऊन भोकाड. डब्यात दाणे मुळीच चालत नाहीत, वर्गातल्या कुणाला तरी ते सोसत नाहीत. जादा कपड्यांचा जोड, आतल्या चड्डीसकट, पिशवीत घालून वर्गातल्या खुंटीला लावायचा. मी शहरात बस चालवते. एवढं मोठं धूड माझ्या ताब्यात देतानासुद्धा मला कुणी इतकं बजावलं नव्हतं.

तशी मी नियमाची कच्ची नाही. दोन थांब्यांच्या मध्ये मी दार उघडत नाही म्हणजे नाही, मग बाहेर कुणी हात जोडो नाहीतर काच बडवो. आगारात माझं नावच ‘कुलूप’ पडलंय. म्हटलं, शाळेचे नियम ते काय, चार दिवसांत पाठ होतील. झालेही. फक्त एक नडला.

शाळा सुटली की पहिली-दुसरीची मुलं फाटकाच्या आत बाकांवर बसतात. फाटकाशी एक उंच शिक्षिका उभ्या असतात, गळ्यात शिट्टी, कपाळाला कायमची आठी. पालक त्यांना दारोगाबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे. न्यायला आलेल्याने ओळखपत्र दाखवायचं, पण तेवढ्यावर भागत नाही. दारोगाबाई मुलाला पुढे बोलावतात आणि विचारतात, “कोण आलंय न्यायला?” उत्तर मुलाने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. “बाबा.” “आत्या.” “आजोबा, पण आज दाढी केलेले.” मग फाटक उघडतं. मूल बोललं नाही तर ओळखपत्र कितीही खरं असो, फाटक बंद.

आमची खारू बोलली नाही.

खारू म्हणजे माझ्या नवऱ्याची मुलगी. वय सहा. घास गिळायचं सोडून गालात साठवून ठेवते, म्हणून खारू. ती नुकती चालायला लागली होती तेव्हा तिची आई गेली. तेव्हापासून आईची आई, म्हणजे तिची आजी, माझ्या नवऱ्याच्या घरी राहून तिचं सगळं करत होती. आमचं लग्न झालं आणि आजी आपल्या गावी परतली. नवरा रुग्णालयात परिचारक आहे, त्याची सुटका संध्याकाळी होते. माझी बसवरची पाळी भल्या पहाटे सुरू होते आणि शाळा सुटायच्या आत संपते. तेव्हा खारूला आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

घरात खारू मला कुठलीच हाक मारत नसे. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, नुसती हाकच नव्हती. पाणी हवं असलं की भिंतीकडे बघून म्हणायची, “कुणाला तरी तहान लागलीये.” मग मी भिंतीला विचारायची, “त्या कुणाला गार हवंय की साधं?” यावर ती कधीकधी हसायची. माझं त्या हसण्यावर भागत होतं.

पण दारोगाबाईंचं भिंतीवर भागणार नव्हतं. पहिल्या दिवशी खारू फाटकाशी आली, माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

“कोण आलंय न्यायला?”

खारू गप्प.

“ओळखतेस ना यांना?”

मान हलली. हो.

“मग कोण आहेत सांग.”

पुन्हा बूट.

“अहो बाई,” मी म्हटलं, “ओळखते म्हणाली ना? ओळखपत्रावर माझा फोटो आहे, खाली तिच्या बाबांची सही आहे. अजून काय नाचून दाखवू?”

“नाचायची गरज नाही,” दारोगाबाई शांतपणे म्हणाल्या. “तिने बोलायची गरज आहे. तिच्या बाबांना फोन लावते.”

माझा असा तिळपापड झाला की विचारू नका. मागे पालकांची रांग, त्यात माझ्याच बसने रोज येणारी एक काकू, ती माझ्याकडे बघून गालात हसत होती. तिच्यासाठी मी एकदा दार उघडलं नव्हतं. नवरा धापा टाकत आला तेव्हा बाकावर एकटी खारू उरली होती.

रात्रीच्या जेवणाआधी आम्ही घरी तालीम केली. नवरा स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन दारोगाबाई झाला. खारूला हा खेळ भलताच आवडला. तिचा कापडी हत्ती न्यायला आला, ती म्हणाली, “काका.” उशी आली, “आत्या, जाड झालेली.” मग मी दाराशी जाऊन उभी राहिले. खारूचा चेहरा एकदम मिटला.

“आई म्हण ना,” नवरा म्हणाला. झारा त्याच्या हातात तसाच.

मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने झारा खाली ठेवला. त्या पोरीच्या पलंगाशेजारी तिच्या आईचा फोटो आहे. रोज झोपताना ती त्याला काहीतरी सांगते. ती हाक दिलेली आहे, ती जागा रिकामी नाही, हे मला परकीला कळतं आणि याला कळू नये? तो ओशाळला. मग म्हणाला, “बरं, मावशी म्हण. फक्त फाटकापुरतं. एवढं म्हटलंस की काम झालं.” मलाही ते पटलं. शब्दच तर आहे, म्हटलं, बोलून मोकळी होईल.

दुसऱ्या दिवशी खारू ताठ चालत फाटकाशी आली. मी तिला डोळ्यांनीच धीर दिला.

“कोण आलंय न्यायला?”

खारूने मान वर केली आणि खणखणीत आवाजात विचारलं, “बाई, खोटं सांगितलं तर चालेल का?”

दारोगाबाई तिच्याकडे वाकल्या.

“का गं?”

“मला सांगायला सांगितलंय की ही मावशी आहे. पण माझी मावशी वेगळी आहे. ती जाड चष्मा लावते.”

आता सांगा, फाटकावर उभ्या असलेल्या बाईने हे ऐकून काय समजावं? दारोगाबाईंनी खारूला हळूच पाठीमागे घेतलं आणि माझ्यासमोर कडी लावली. मला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. नवऱ्याला रुग्णालयातून पुन्हा यावं लागलं. त्याने सगळं समजावून सांगितलं, माझ्यावतीने माफी मागितली, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. काकूने तोवर ही हकिगत किती थांब्यांपर्यंत पोचवली असेल, हाच विचार डोक्यात.

घरी आल्यावर नवऱ्याने चहा टाकला. मग म्हणाला, “कामावरून असं रोज उठून येणं जमायचं नाही. वरिष्ठांनी आज स्पष्टच सांगितलं. एखादं वर्ष तिला आजीकडे ठेवू. तिथल्या शाळेत घालू. मला पाळी बदलून मिळाली की आणू परत.”

“आणि आली तर कशी येईल?” मी विचारलं. “पाहुण्यासारखी येईल. मग तिला ना तू नीट ओळखीचा राहशील, ना मी.”

“दुसरा मार्ग सांग.”

शनिवारी आजीला फोन करायचा असं ठरलं. आतल्या खोलीत खारू हत्तीशी बोलत होती, पण आमचा आवाज चढला तशी तिची बडबड थांबली. तिने ऐकलं होतं. मी आत गेले तर पांघरूण डोक्यावर.

त्या रात्री मला तिचा नाही, स्वतःचा राग आला. मुलीने काय चूक केली होती? तिला बाईंनी खरं विचारलं, तिने खरं सांगितलं. खोटं आम्ही तिच्या तोंडात भरलं होतं. ती ते गालात ठेवून गप्प बसली असती तरी चाललं असतं, पण तिने ते बाहेर काढून ठेवलं. अशी पोर मला आवडली नसती तरच नवल.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी गेले तेव्हा दारोगाबाईंचा चेहरा चक्क नरमलेला. त्या पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणाल्या, “कळलं मला सगळं. काल तुम्हाला उगाच त्रास झाला. आज न्या तिला, मी काही विचारत नाही.” आणि त्यांनी कडीला हात घातला.

एरवी मी उडी मारून आत शिरले असते. पण माझी नजर खारूवर गेली. दप्तराचे पट्टे घट्ट धरून ती उभी होती, आणि आम्हा दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, जणू आता तिला कुठे पाठवायचं ते आम्ही ठरवतोय. सगळे तिचं ठरवत होते. आजीकडे जा, मावशी म्हण, आज विचारत नाही, चल. सबंध दिवसात फाटकावरचा तो एकच प्रश्न होता जो तिला विचारला जायचा. तोही आम्ही काढून घेणार होतो.

“नको बाई,” मी म्हटलं. “तिला विचारा. तिने सांगितलं नाही तर तिच्या बाबांना फोन करा. ते येईपर्यंत मी इथेच बाहेर थांबते.”

“अहो, पण...”

“ती सांगेपर्यंत नको.”

मग मी गजांपाशी खाली बसले, म्हणजे खारूचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. “हे बघ, मावशी म्हणायला सांगितलं ती आमची चूक. तू खरं बोललीस ते बरोबर. तुला जे खरं वाटतं तेच सांग. काहीच वाटत नसेल तर तसं सांग. मला राग येणार नाही.”

खारू काही बोलली नाही. दारोगाबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि फोन लावला. रांग पुढे सरकली, मुलं गेली, काकूसुद्धा गेली, जाताना आज हसली मात्र नाही. खारू फाटकाजवळच्या बाकावर आत, मी बाहेर पायरीवर. मध्ये गज.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. या वेळी भिंतीला नव्हता.

“तू जात का नाहीस?”

“कुठे?”

“घरी. तुझी बस संपली ना?”

“तुला सोडून घरी जाऊन करू काय?”

तिने यावर विचार केला. “बाबा येईपर्यंत थांबणार?”

“हो.”

“उद्या पण?”

“उद्या पण.”

“पाऊस आला तर?”

“भिजेन. आणि दारोगा...” मी जीभ चावली. “बाईंकडे छत्री मागेन.”

खारूला खुदकन हसू आलं. बाईंनी दुसरीकडे बघितलं, पण त्यांचे खांदे हलले. त्यांना आपलं नाव ठाऊक असावं.

मग खारू बाकावरून उतरून गजांपर्यंत आली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. “मी आजीकडे राहायला गेले तर तू रडशील?”

मोठ्या माणसाने अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते मला माहीत आहे. आजी किती लाड करते, तिथे अंगण आहे, वगैरे. माझ्या तोंडून ते निघेना.

“हो,” मी म्हटलं. “खूप रडेन. मला तू हवी आहेस घरात.”

बोलता बोलता मी रडायलाच लागले होते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. रस्त्यावर, गणवेशात, आगाराचा बिल्ला छातीवर. खारू माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग वळली आणि तरातरा दारोगाबाईंकडे गेली.

“बाई, मला परत विचारा ना.”

दारोगाबाईंनी फोन खिशात ठेवला. सरळ उभ्या राहिल्या, अगदी रोजच्यासारख्या. “कोण आलंय न्यायला?”

“आमच्या घरचं माणूस.”

“घरचं माणूस म्हणजे?”

“म्हणजे ही बाबांची बायको आहे. माझी अजून कोण ते ठरलेलं नाही. पण आमच्याच घरी राहते. माझ्या वेण्या वाकड्या घालते, पण दुखत नाहीत.” खारूने दम घेतला. “आणि मला हिच्याबरोबर घरी जायचंय.”

दारोगाबाई फाटकाकडे वळल्या. मग त्यांनी कडी काढली आणि फाटक पार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं, एका खारूला लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त.

ती बाहेर आली आणि तिने माझ्या दोन बोटांना धरलं. मी तिचं दप्तर घेतलं, तर म्हणाली, बाटलीपण घे. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून तिचे बाबा पळत येताना दिसले, रुग्णालयाचा अंगरखा तसाच, कपाळावर घाम. आमच्यासमोर येऊन थांबले, एकदा माझ्या रडवेल्या तोंडाकडे बघितलं, एकदा उघड्या फाटकाकडे.

खारूने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

“बाबा,” ती म्हणाली, “तू कशाला आलास?”