मर्विनची होडी

भीती वाटली की मला राग येतो. लहानपणापासूनची खोड आहे ही. त्यामुळे या वर्षी मी सतत चिडलेली आहे, आणि न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या आमच्या मराठी मंडळींना वाटतंय की मुग्धाला शिंगं फुटली. वाटू दे.

माझा नवरा शुभंकर फार्मासिस्ट. इथून अर्ध्या तासावरच्या एका गावात अकरा वर्षं औषधं देत होता. मागच्या नोव्हेंबरात मर्विन नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांना त्याने आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आणि लेबलवर छापलं, रोज एक. मर्विनने रोज एक घेतली. तीन आठवड्यांत माणूस गेला. चौकशी लागली आणि शुभंकर घरी बसला.

बसला म्हणजे अक्षरशः बसला. पलंगाच्या कडेला, हातात मोजे धरून. मी दूध पावडरच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. सकाळी निघताना मोजे हातात, दुपारी परत आले तरी मोजे हातातच. म्हणून मार्चमध्ये तो ट्रेलरवर एक मोडकी होडी घालून घेऊन आला ना, तेव्हा मी, कप्पाळ माझं, पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

बदकांच्या शिकारीची लाकडी होडी. एवढीशी. एक माणूस, एक कुत्रा आणि बंदूक मावली की संपली. चिखलाच्या रंगाची, तळ कुजलेला.

“घरात अंडं शिजत नाही आणि तू बदकं मारणार?” मी म्हटलं.

“मारणार नाही. दुरुस्त करणार,” तो म्हणाला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तो आपणहून काही करायचं म्हणत होता. मी माझी गाडी रस्त्यावर लावायला लागले आणि गॅरेज होडीला दिलं.

तो कामाला लागला. रंगाचे थर खरवडले, कुजलेलं लाकूड कोरून काढलं, प्लायवूडचा नवा तळ कापला. जेवायला लागला. रविवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की तो फोन होडीभोवती फिरवायचा, आणि त्या विचारायच्या, “झाली का रे होडी?” मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

एप्रिलमध्ये मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर खरवडलेल्या फळीवर चाकूने कोरलेली अक्षरं दिसली. मर्विन, ग्लेनिस, १९७४. ग्लेनिस म्हणजे मर्विनची बायको; चौकशीच्या कागदांवर तिचं नाव मी इतक्या वेळा वाचलंय की होडी कुणाची ते लगेच कळलं.

“तिच्या भाच्याने ऑनलाइन विकायला काढली होती,” शुभंकर म्हणाला. “नीट करून तिला परत देणार आहे.”

मला पटलं नाही, पण कळलं. माणसाला काहीतरी भरून द्यावंसं वाटतंच की. मी अडवलं नाही.

जूनमध्ये गाडीच्या इन्शुरन्सचा कागद शोधताना त्याच्या ड्रॉवरमध्ये एक फाइल सापडली. वर माझं नाव. आत बँकेचे पासवर्ड, निवृत्तीचं किवीसेव्हर खातं, विम्याची पॉलिसी, घराचे कागद. गवत कापायचं मशीन कसं चालू करायचं तेसुद्धा एक-दोन-तीन करून लिहिलेलं, कारण ते मला कधी जमलेलं नाही. आणि शेवटच्या पानावर दोनच ओळी. होडी ग्लेनिसला पोचवली की माझं काम संपलं. आईला हार्ट अटॅक म्हणून सांग.

मी फाइल त्याच्या अंगावर फेकली. तोंडाला येईल ते बोलले. त्याने पानं गोळा केली आणि शांतपणे म्हणाला, “एका वाईट दिवशी लिहिलं होतं गं. फाडून टाक.” मी कपटे कपटे केले. पुढच्या आठवड्यात तशीच फाइल पुन्हा त्याच ड्रॉवरमध्ये, अक्षर आधीपेक्षा सुवाच्य.

मग डॉक्टर झाले, हेल्पलाइनला फोन झाला. फोनवरच्या बाईशी शुभंकर इतका गोड बोलला की त्या बिचारीला वाटलं असेल, वेडी याची बायको आहे. समुपदेशनाची तीन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट मिळाली. तोपर्यंत म्हणे त्यांना आवडीच्या कामात गुंतवून ठेवा. डोंबल! त्याच कामाची तर मला धास्ती होती. अपॉइंटमेंटलाही तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि तसंच गोड बोलून आला.

तेव्हा मी ठरवलं, होडी पुरी होऊ द्यायची नाही. बस्स.

तळ चिकटवायला तो इपॉक्सी वापरायचा. दोन डब्यांतली दोन द्रव्यं, एक राळेसारखं आणि दुसरं हार्डनर, ठरल्या मापात मिसळायची. मग ते दगडासारखं घट्ट होतं. चष्मा लावून, माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅम ग्रॅम मोजायचा. पण इथे जून ते ऑगस्ट हिवाळा, आणि थंडीत इपॉक्सी लवकर घट्ट होत नाही, म्हणून गॅरेजमध्ये हीटर लावून ठेवायचा. मी काय करायचे, सुट्टीच्या दिवशी त्याला कुठल्यातरी निमित्ताने बाहेर पिटाळायचे, हीटर बंद करायचे आणि गॅरेजचं दार सताड उघडायचे. हॅमिल्टनचं धुकं आत आलं की पुढचं काम तेच करायचं. तो परतायच्या आत सगळं जागच्या जागी. नवीन रंग द्यायच्या आधी इस्त्रीच्या स्प्रेने लाकूड ओलं करायचे, रंगाला फोड यायचे. दुसऱ्या दिवशी तो बोट लावून बघायचा, चिकट. उचकटायचा, खरवडायचा, पुन्हा पहिल्यापासून. तळ तीनदा चिकटवला, तीनदा निघाला. खरवडून खरवडून त्याची बोटं सोलवटली होती, आणि मी ती बघून मनातल्या मनात म्हणायचे, अजून आठ दिवस मिळाले.

कुठवर पुरणार होतं हे? मला झोप नव्हती. कामावर असले की दर तासाला काहीतरी निमित्त काढून फोन करायचे. दूध आहे का, बिल आलं का. तो फोन उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला. सासूबाईंनी “झाली का होडी?” म्हटलं की मला वाटायचं, ओरडून सांगावं, आई, विचारू नका हो!

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी त्याने चौथ्यांदा तळ बसवला. दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि दुपारी त्याला ब्रश आणायला हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. दहा मिनिटांत तो परत आला. पाकीट विसरला होता. दार उघडं, हीटरचा प्लग काढलेला, आणि मी हातात स्प्रे घेऊन होडीवर वाकलेली.

“हो, मीच!” मी ओरडले. “प्रत्येक वेळी मीच केलं! आणि करत राहणार! तू चिकटव, मी उचकटते. बघू कोण थकतं ते. म्हाताऱ्या आईला हार्ट अटॅक सांग म्हणे! लाज नाही वाटली लिहायला?”

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो आत आला आणि बसवलेल्या तळाच्या कडेला अंगठा दाबला. कडेतून चिकट द्रव बाहेर आला.

“हे थंडीमुळे नाही झालं,” तो म्हणाला. “थंडीने फक्त उशीर होतो. दोन-चार दिवसांनी घट्ट झालंच असतं.”

“मग?”

“हार्डनर मी अर्धाच घालतोय. तुला फाइल सापडली त्याच्याही आधीपासून.”

“अरे, पण तू तर काट्यावर मोजून...”

“मोजूनच घालतो. मोजून अर्धा.” तो खाली काँक्रीटवरच बसला. “होडी झाली की जायचं, असं मी स्वतःला सांगून बसलो होतो. आणि मला नाही गं मरायचं, मुग्धा.”

मी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. नालायका, म्हटलं, हे मला सांगायला काय झालं होतं? मग त्याच्याशेजारी बसून इतकी रडले की नाक पुसायला त्याची बाही घ्यावी लागली. रडून झाल्यावर हेल्पलाइनच्या त्या बाईंना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला, माझ्याकडे बघितलं, आणि खरं काय ते सांगायला लागला.